अमृत कोकम: रातांब्याचा गोड पाक

पिकलेले, गर्द लाल रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, धुऊन, कोरडे पुसून अर्धे कापावेत आणि बिया व गर काढून उरलेल्या सालींच्या वाट्यांमध्ये साखर दाबून भरत त्या काचेच्या बरणीत रचाव्यात. एक किलो सालींना साधारण दोन किलो साखर लागते. बरणी सात-आठ दिवस उन्हात ठेवली, की माणकाच्या रंगाचा पाक सुटतो. तो गाळून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड व मीठ घालावे. पाकाला रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्यामुळे आणि आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लामुळे येतो. ही द्रव्ये गुणकारी मानली जात असली, तरी दोन मोठे चमचे पाकात 20 ते 25 ग्रॅम साखर असल्याने मधुमेहींनी त्याला औषध समजू नये. सरबतासाठी एका भागाला चार-पाच भाग थंड पाणी पुरते. सोलकढीला मात्र हा पाक चालत नाही. तिथे मीठ घातलेला कोकमाचा रस, म्हणजे खारट आगळच हवे.