यूडीआयडी काढताय? फॉर्म राहू द्या, आधी एक वही घ्या

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, फॉर्म कसा भरायचा यावर ढिगाने व्हिडिओ आहेत आणि सगळे फॉर्मपाशीच संपतात. मी माझ्या मुलीसाठी दोनदा आणि नंतर कळव्यातल्या नि ऐरोलीतल्या ओळखीच्या सात-आठ मुलांसाठी हे सगळं केलंय. फॉर्ममुळे कोणाचंच अडलं नाही. अडतं ते हॉस्पिटलमध्ये, आईबाबांना प्रश्न विचारतात तिथे.

फॉर्म एका ओळीत सांगते. स्वावलंबन पोर्टलवर मुलाच्या नावाने रजिस्टर करायचं, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा टाकायचा, हॉस्पिटल निवडायचं, बस. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच ठेवा. याला फी नाही, कोणी पैसे मागितले तर तिथून उठा.

हॉस्पिटलमध्ये जाताना जुने रिपोर्ट, थेरपीचे कागद आणि शाळेच्या एक-दोन वह्या न्या.

आता खरा मुद्दा. बौद्धिक अक्षमता असेल तर आयक्यूच्या टेस्टसोबत व्हीएसएमएस नावाची चाचणी होते. त्यात जन्मापासून १५ वर्षांपर्यंतच्या वयाची ८९ कामं आहेत, खाणं, कपडे, बोलणं, बाहेर जाणं वगैरे, आणि मूल ती करतं का हे मुख्यतः पालकांनाच विचारतात. ऑटिझमसाठी आयसा नावाची चाचणी असते, ४० मुद्द्यांची. तिथे मुलाला बघतात आणि तुम्हालाही विचारतात. म्हणजे निम्मा रिपोर्ट तुमच्या तोंडून लिहिला जातो आणि हे आधी कोणी सांगत नाही.

माझी मुलगी तेव्हा ८ वर्षांची. चाचणी घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, कपडे स्वतः घालते? मी म्हटलं हो. घालते ना, फ्रॉक डोक्यातून मी घालते, मग "आता हात घाल" म्हटलं की ती हात घालते, बटणं मीच लावते. पण हे मी सांगितलंच नाही, नुसतं हो म्हटलं. दुकानातून वस्तू आणते? हो. आणते, खालच्या दुकानातून दूध आणते, पण दुकानदार ओळखीचा आहे, मी गॅलरीतून बघत असते आणि उरलेले पैसे ती कधीच मागत नाही. ती शेजारीच बसली होती, माझ्याकडे बघत होती आणि तिच्यासमोर नाही म्हणायला माझी जीभच उचलली नाही. वर्षानुवर्षं लोकांना "तिला येतं हो सगळं" सांगायची सवय झालेली असते ना, तीच तिथेही निघाली.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट आलं २५ टक्क्यांचं. बॉर्डरलाईन.

याचा हिशोब समजून घ्या. उत्तरांवरून मुलाचं सामाजिक वय काढतात, त्याला खऱ्या वयाने भागून १००ने गुणतात. ८ वर्षांच्या मुलाचं सामाजिक वय ६ निघालं तर ७५ येतात, म्हणजे बॉर्डरलाईन, २५ टक्के. ५ निघालं तर साडेबासष्ट येतात, म्हणजे माईल्ड, ५० टक्के. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातले बरेचसे हक्क ४० टक्क्यांपासून पुढे मिळतात आणि ती रेष नेमकी या दोघांच्या मधे पडते. माझ्या चार-सहा होकारांनी मुलगी रेषेच्या खाली राहिली. कलम ५९ खाली अपील करता येतं, आम्ही केलं, पण त्यात खेपा खूप झाल्या आणि तिचं शाळेचं जवळजवळ एक वर्ष गेलं.

म्हणून वही. हॉस्पिटलच्या तारखेच्या आधी पंधरा दिवस रोज लिहायचं: अंघोळ, कपडे, जेवण, शी-शू, रस्ता, पैसे. प्रत्येकापुढे चारपैकी एक शब्द, स्वतःहून, सांगितल्यावर, हात धरून, नाही. जे रोज स्वतःहून होतं त्यालाच हो म्हणायचं, बाकी सगळं जसं आहे तसं वहीतून वाचून दाखवायचं. "सांगितल्यावर करते" हेसुद्धा पूर्ण उत्तर आहे, तिथे हो किंवा नाहीतच अडकू नका.

आणि मुलाला त्या वेळी बाबांबरोबर किंवा आजीबरोबर बाहेर बसवा. तशी विनंती केली की बहुतेक जण ऐकतात. स्वतःबद्दल दहा वेळा "नाही येत" हे मुलांनी ऐकू नये, त्यांना कळतं.

काही लोक सांगतात की आदल्या रात्री झोपू देऊ नका, सकाळी उपाशी न्या, म्हणजे मूल चिडेल आणि टक्के वाढतील. असं सांगणाऱ्याचं तोंड बघू नका. हा मुलाचा छळ आहे आणि चिडलेल्या मुलाची आयक्यूसाठीची लाकडी आकार बसवायची टेस्ट होतच नाही, मग पुढची तारीख मिळते. पोट भरून न्या, आवडतं खेळणं न्या, आणि मूल रडायलाच लागलं तर तुम्हीच दुसरी तारीख मागा. वाढवूनही सांगू नका, दोन प्रश्न उलटे फिरवले की लगेच कळतं.

कार्ड आलं की रंग बघा, ४०च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. मग झेरॉक्स शाळेत द्या, यूडायसमध्ये (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) विशेष गरजा असलेलं मूल म्हणून नोंद करायला सांगा आणि अर्जाची पोच घ्या, तोंडी "करतो" चालणार नाही. ४० किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा तुम्ही निवडाल त्या विशेष शाळेत मोफत शिक्षण हा कलम ३१चा हक्क आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढाच, १ लाखापर्यंत आहे आणि थेरपीही त्यात येते. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर दिव्यांग मुलाच्या खर्चासाठीची करवजावट घ्या (जुन्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडी). थेरपीसाठी वाशीचं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आणि खारघरची एनआयईपीआयडी (बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था), दोन्हीकडे चौकशी करून या.

शेवटचं, लहान मुलांचं सर्टिफिकेट बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं असतं. त्यावरची तारीख फ्रिजवर लावून ठेवा. २०२४च्या नियमांनी सर्टिफिकेट द्यायची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केलीये, तेव्हा सर्टिफिकेट संपायच्या तीन महिने आधी नवा अर्ज हवा. आमची तारीख येत्या मे महिन्यातली आहे, अर्ज फेब्रुवारीत करणार आणि वही जानेवारीपासून सुरू.