जुना आर्क दिवा पेटवताय? या चुका टाळा

कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक लावायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि मग हळूच तीन-चार मिलिमीटर अलग करायच्या. वीज तुटत नाही. मधल्या तापलेल्या वायूतून ती वाहत राहते, यालाच आर्क म्हणतात, आणि धन बाजूच्या कांडीच्या टोकाला पडलेला खळगा साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापून डोळे दिपवणारा प्रकाश देतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कोळशाच्या टोकांमध्ये हा प्रकाश दाखवला होता. पुढे त्याने रस्ते उजळले, दीपगृहं उजळली, सिनेमाचे पडदे उजळले.

मी हे दिवे गोळा करतो, दुरुस्त करतो आणि पेटवतोही. पेटलेला आर्क ज्याने पाहिला नाही त्याला त्या लोखंडी नळकांड्याचं महत्त्व नुसतं बघून कळत नाही, असं माझं मत आहे. पण दिवे आणि माणसं दोघांनाही इजा झालेली मी पाहिली आहे. त्यातली बहुतेक एकाच गोष्टीमुळे झाली: दिवा सुटा मिळतो, त्याच्या मागचं सर्किट मिळत नाही. आर्क दिवा बल्बसारखा आपल्यापुरता पूर्ण नसतो. तो कोणत्या तरी वीजव्यवस्थेचा एक भाग म्हणून बांधलेला असतो.

चूक पहिली: दिवा कोणत्या सर्किटचा हे न ओळखता जोडणं

१८७९ साली अमेरिकी संशोधक चार्ल्स ब्रशने क्लीव्हलंड शहराच्या चौकात १२ आर्क दिवे लावले. सगळे एकामागे एक, सिरीजमध्ये. पुढची कित्येक वर्षं रस्त्यावरचे दिवे असेच जोडले जात. डायनामो करंट कायम ठेवायचा, साधारण ६.६ किंवा ९.६ अँपिअर, आणि व्होल्टेज दिव्यांच्या संख्येप्रमाणे वाढत जायचं. एका दिव्यावर ५० व्होल्ट धरले तरी ४० दिव्यांच्या माळेला २,००० व्होल्ट लागतात.

अशा दिव्याच्या पोटात एक कटआउट असतो. कार्बन संपला किंवा तुटला की तो बंद होऊन दिव्याला बगल देतो, म्हणजे माळेतले बाकीचे दिवे चालू राहतात. कायम करंटच्या लाइनवर ही सोय फार हुशारीची आहे. पण हाच दिवा तुम्ही कायम व्होल्टेजच्या पुरवठ्यावर लावला, तर कटआउट बंद झाल्या क्षणी दिवा म्हणजे शुद्ध शॉर्ट होतो. बाहेरच्या रेझिस्टन्सची तयारी नसेल तर वायरी पेटतात.

ओळखायचं कसं? आधी दिव्यावरची माहितीची पट्टी वाचा. फक्त अँपिअरचा आकडा असेल आणि पुरवठ्याचे व्होल्ट लिहिलेले नसतील, तर दिवा सिरीजचा असण्याची शक्यता मोठी. मग टोपी काढून कॉइल बघा. जाड वायरचे थोडे वेढे म्हणजे करंटवर चालणारी सिरीज कॉइल. बारीक वायरचे भरपूर वेढे म्हणजे आर्कला समांतर जोडलेली शंट कॉइल. दोन्ही एकमेकींविरुद्ध ओढत असतील तर तो डिफरन्शियल दिवा, ज्या पद्धतीशी सीमेन्स कंपनीचा अभियंता हेफ्नर-आल्टेनेक याचं नाव जोडलेलं आहे.

एसी आणि डीसीची गल्लत याहून जास्त होते. एसी दिव्याच्या कॉइलचा गाभा पातळ पत्र्यांच्या थरांचा असतो, आणि करंट आवरायला बऱ्याचदा चोक, म्हणजे लोखंडी गाभ्यावरची कॉइल, असतो. चोक फक्त एसीला अडवतो. डीसीवर तो जवळजवळ साधी वायरच होतो. उलट डीसी दिव्याचा भरीव लोखंडी गाभा एसीवर लोखंडातच फिरणाऱ्या भोवरा-प्रवाहांनी भाजून निघतो आणि शंभर वर्षं टिकलेलं कापडी इन्सुलेशन तासाभरात जळतं.

मॅग्नेटाइटचा (लोखंडाच्या एका खनिजाचा) दिवा हाती आला तर आणखी जपा. त्यात तांब्याची कांडी धन असते आणि मॅग्नेटाइट भरलेली लोखंडी नळी ऋण. टोकं उलटी जोडली की तांबं वितळतं, आणि ती कांडी पुन्हा बनवून घेणं सोपं नाही.

चूक दुसरी: आर्कला हीटरसारखं समजणं

हीटरला व्होल्टेज दिलं की तो ठरावीक करंट घेतो. आर्क तसा नाही. करंट वाढला की आर्कवरचं व्होल्टेज कमी होतं, म्हणून करंट आणखी वाढतो, आणि हे फ्यूज उडेपर्यंत चालू राहतं. त्याला आवर घालायला सिरीजमध्ये बॅलास्ट, म्हणजे करंट रोखणारा रेझिस्टन्स किंवा चोक, लागतोच.

हिशेब साधा आहे. ११० व्होल्ट डीसी पुरवठा, आर्कला ५०, करंट १० अँपिअर. उरलेले ६० व्होल्ट रेझिस्टन्सवर पडले पाहिजेत, म्हणजे ६ ओहम. त्यात ६०० वॅट उष्णता तयार होते, आर्कपेक्षाही जास्त. आणि पेटवताना कांड्या टेकलेल्या असतात तेव्हा १८ अँपिअरवर करंट जातो. वायर, जोड आणि रेझिस्टन्स या १८ अँपिअरच्या मापाने निवडा, १०च्या नव्हे. बंद काचेतला दिवा, म्हणजे आर्क जवळजवळ बंद काचेच्या गोळ्यात जळणारा, असेल तर आर्कलाच ७० ते ८० व्होल्ट लागतात, त्यामुळे सगळा हिशेब बदलतो.

मिठाच्या पाण्याचा रेझिस्टन्स करू नका. जुन्या प्रयोगवह्यांत तो दिसतो, पण डीसीवर त्यातून क्लोरीन आणि हायड्रोजन बाहेर पडतात, आणि शेजारीच तुम्ही उघडा आर्क पेटवलेला असतो.

चूक तिसरी: मेनची वीज सरळ दिव्यापर्यंत नेणं

हे दिवे छतापासून पोर्सेलिनच्या इन्सुलेटरवर टांगायचे, आणि चालू असताना त्यांना कोणी हात लावायचं नाही अशी अपेक्षा होती. अंग, टोपी, कार्बनचे चिमटे यांपैकी काय जिवंत असेल सांगता येत नाही. म्हणून मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेन आणि दिवा यांच्यात थेट जोड न ठेवणारा, हवाच. व्हेरिअॅक (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) म्हणजे आयसोलेशन नव्हे. तो व्होल्टेज कमी करतो, मेनपासून तोडत नाही. जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) अंग आणि टोकं यांच्यातलं इन्सुलेशन मोजा. कॉइल दमट असेल तर मंद उबेत दोन-तीन दिवस ठेवून पुन्हा मोजा.

डीसी वापरत असाल तर स्विच आणि ब्रेकर डीसीसाठीच बनवलेले घ्या. एसीचा करंट सेकंदात कित्येकदा शून्यावर येतो, म्हणून स्विचमधली ठिणगी विझते. डीसीत तसा क्षण येत नाही. घरगुती एसी स्विच बंद केलात तर आतमध्ये दुसरा एक छोटा आर्क दिवा पेटतो, आणि तो विझवायला तुमच्या हाताशी काहीच नसतं.

वेल्डिंग सेट वापरण्याची कल्पना मला नेहमी विचारली जाते. कांडीच्या वेल्डिंगचा सेट करंट आवरतो, म्हणून तत्त्व बरोबर आहे. मिगचा (तार आपोआप पुरवणाऱ्या वेल्डिंगचा) सेट व्होल्टेज कायम ठेवतो, तो नको. पण पुष्कळ सेटचा किमान करंट २० अँपिअर किंवा वर असतो, आणि ६.६ अँपिअरच्या दिव्याची कॉइल त्यात भाजते. शिवाय सेटचं ६० ते ८० व्होल्टचं उघडं (आर्क पेटण्याआधीचं) व्होल्टेज बंद काचेच्या दिव्याला पुरत नाही. काही नव्या सेटमध्ये सुरक्षेसाठी हे व्होल्टेज खूप खाली ठेवलेलं असतं. त्यावर हे दिवे पेटणार नाहीत. हाताने कार्बन सरकवायच्या उघड्या दिव्यासाठी मात्र चांगला, किमान करंट जुळणारा सेट मी स्वतः वापरतो.

चूक चौथी: डोळ्यांच्या बाबतीत 'एकच क्षण' म्हणणं

माझ्या बाबतीत झालं ते असं. दिवा समोर नव्हता, बाजूला होता. साधा गॉगल लावला होता, बाह्या दुमडलेल्या होत्या. दहा-बारा मिनिटं कार्बन जुळवत बसलो. संध्याकाळपर्यंत काही जाणवलं नाही. रात्री उठलो तो डोळ्यांत वाळू भरल्यासारखं वाटत होतं, पाणी थांबेना, दिव्याकडे बघवेना आणि मनगटं लाल झाली होती. अतिनील किरणांची इजा अशीच सहा ते बारा तास उशिरा कळते, आणि म्हणूनच माणूस ती पुन्हा करून घेतो. असं झालं तर डोळे चोळू नका, डॉक्टरकडे जा.

काचेचा गोळा बसवलेला असेल तर लहान लहरींचे बरेच किरण अडतात. उघड्या दिव्यात काहीच अडत नाही. उपचारासाठी किंवा छपाईसाठी बनवलेल्या काही दिव्यांत तर अतिनील मिळावं हाच हेतू होता. डॉक्टर नील्स फिन्सेन यांना १९०३चं नोबेल मिळालं ते याच प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा केल्याबद्दल. असा दिवा प्रेक्षकांसमोर उघडा पेटवू नका.

कार्बन आर्कच्या वेल्डिंगला १४ नंबरची काच सांगतात. छोट्या दिव्याला तीच वापरली तर बिघडत नाही. पण सर्वांत चांगली पद्धत प्रोजेक्टर चालवणाऱ्यांची आहे: दिव्याच्या डब्याला बाजूने बारीक भोक ठेवायचं, आणि आतल्या कार्बनची प्रतिमा शेजारच्या कार्डावर पाडायची. कार्डावर दोन रेघा मारल्या की आर्कची लांबी मापता येते आणि आर्ककडे बघावंच लागत नाही.

चूक पाचवी: मिळेल तो कार्बन घालणं

टॉर्चच्या सेलमधली कांडी मेणात भिजवलेली असते. ती धुरकटते आणि तडकते. धातू खरवडण्यासाठी मिळणाऱ्या तांबं चढवलेल्या कांड्या खूप मोठ्या करंटसाठी असतात, शिवाय वितळलेलं तांबं खाली ठिबकतं. ग्रॅफाइट विजेचा आणि उष्णतेचा जास्त चांगला वाहक आहे, म्हणून टोक पुरेसं तापत नाही आणि आर्क अस्थिर राहतो.

डीसी दिव्यात धन कार्बन बहुधा जाड, मधोमध मऊ गाभ्याचा असतो, आणि ऋण बारीक व भरीव. कारण सारख्या जाडीच्या कांड्या घेतल्या तर धन कांडी जवळपास दुप्पट वेगाने झिजते. रशियन अभियंता याब्लोच्कोव्हच्या १८७६च्या 'मेणबत्ती'ला (त्याच्या आर्क दिव्याला) एसी लागायचं ते याचमुळे: शेजारी शेजारी उभ्या दोन कांड्या बरोबरीने जळायला हव्या होत्या. कार्बन ओलावा धरतो, म्हणून वापरण्याआधी उबेत वाळवा. ज्वाला-कार्बनमध्ये (ज्योतच उजळ व्हावी म्हणून बनवलेल्या कांड्यांत) फ्लोराइडचे क्षार असतात. त्यांचा धूर काच खातो आणि फुप्फुसांनाही चांगला नाही. साध्या कार्बनच्या आर्कमधूनही नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड निघतात. बंद खोलीत पेटवू नका.

दिवा पेटतो, पण नीट जळत नाही

सिसकारी ऐकू येते: आर्क फार आखूड आहे किंवा करंट जास्त आहे. खळगा टोकाच्या कडेबाहेर पसरतो, हवेतला ऑक्सिजन त्याला जाऊन भिडतो आणि आवाज सुरू होतो. हे कारण ब्रिटिश शास्त्रज्ञ हर्था आयर्टन यांनी शोधून काढलं. १८९९ साली त्यांनी आपला निबंध लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत स्वतः वाचला, आणि त्याच वर्षी त्या तिथल्या पहिल्या महिला सभासद झाल्या. करंट थोडा कमी करा, नाहीतर जाड कार्बन घ्या.

ऋण टोकावर अळंबीसारखी गाठ येते: आर्क आखूड आहे. कडेने जांभळट ज्योत भडकते: आर्क लांब झाला आहे.

प्रकाश छताकडे जातो, जमिनीवर अंधार: धन-ऋण उलटं जोडलंय. उघड्या डीसी आर्कचा सुमारे ८५ टक्के प्रकाश धन खळग्यातून येतो, म्हणून धन कांडी वर हवी. दिवा बंद करून गडद काचेतून बघा. जे टोक जास्त वेळ लाल राहतं ते धन.

वरचा कार्बन सारखा वर-खाली नाचतो: डॅशपॉट (कार्बनची हालचाल मंद करणारं पिस्टनचं नळकांडं) दाब धरत नाही, किंवा कार्बन धरणारी दांडी मळलेली आहे. इथे एक हात तेलाच्या बाटलीकडे जातो, तो थांबवा. हवेच्या डॅशपॉटचा ग्रॅफाइटचा पिस्टन आणि क्लचने (दांडी धरून-सोडणाऱ्या पकडीने) पकडायची दांडी कोरडीच हवी. तेलाने क्लच घसरतो आणि धूळ चिकटते. मऊ कापडाने पुसलं तरी बरेच दिवे ताळ्यावर येतात.

गोळा करणाऱ्यांच्या दोन-तीन गोष्टी

विकत घेताना बाहेरची चकाकी बघू नका. कॉइल अखंड आहे का, क्लच आहे का, आतला काचेचा गोळा आहे का, ते बघा. बंद दिव्यात कार्बन १०० ते १५० तास टिकायचा तो या आतल्या गोळ्यामुळे. तो फुटला असेल तर बरणी बसवू नका. उष्णता सोसणारी काचच लागते. आणि त्याची झाकणी हवाबंद करू नका, तापलेल्या वायूला बाहेर पडायला फट मुद्दाम ठेवलेली असते.

आतला पांढरा, दोरीसारखा किंवा पुठ्ठ्यासारखा थर अॅस्बेस्टॉस असू शकतो. तो कोरडा खरवडणं ही आर्कच्या प्रकाशापेक्षा मोठी चूक. जाणकाराकडून काढून घ्या. वाळूच्या माऱ्याने रंग काढू नका, पट्टी घासू नका, बल्ब बसवण्यासाठी नवी भोकं पाडू नका. जुनी वायर बदलावी लागली तर काढलेला तुकडा पिशवीत घालून दिव्याबरोबर ठेवा.

उघड्या दिव्याखाली राखेची पत्र्याची थाळी हवी. जळता कार्बन तुटून पडतोच. दिवा विझवल्यावर अर्ध्या तासाने थाळी आणि खालची जमीन पुन्हा बघा. मग त्या दिवशीचा करंट, आर्कवरचं व्होल्टेज, कार्बनची जाडी आणि तासाला किती झिजला, एवढं एका कार्डावर लिहून टोपीत अडकवा. दिव्याबरोबर हे कार्ड मला आजवर फक्त एकदा मिळालं, आणि तो दिवा मी पहिल्याच प्रयत्नात पेटवला.