भंगारातल्या टर्बोचं जेट इंजिन: या चुका टाळा

ट्रकच्या टर्बोत एकाच शाफ्टवर दोन चाकं असतात: गरम वायूने फिरणारं टर्बाइन आणि हवा ओढून दाबणारं कंप्रेसर. दोघांच्या मध्ये आग पेटवायला ज्वलनकक्ष जोडला की त्याचं जेट इंजिन होतं. जुन्या टर्बोपासून ते करायला बसलेला माणूस सगळा जीव आगीत ओततो. मीही ओतला. फ्लेम ट्यूबची, म्हणजे ज्वलनकक्षातल्या आग धरणाऱ्या नळीची, भोकं आखण्यात पंधरा दिवस घालवले आणि तेलाची परतीची नळी मात्र हाताला लागली ती, बसली तशी लावून टाकली. इंजिन पेटलं, आणि मिनिटभरात मागून निळा धूर. भोकं चुकली असं धरून मी पुन्हा ड्रिल उचललं. चूक नळीत होती. ती आधी वितभर वर चढून मग टाकीत उतरत होती.

टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारखी बारीक कडी असते, आणि तेल आपल्या वजनाने खाली पडून जाईल या भरवशावर ती काम करते. ती वाट तुंबली की तेल कडीतून टर्बाइनकडे निघतं आणि जळतं. तेव्हा परतीची नळी येणाऱ्या नळीपेक्षा चांगली जाड हवी, सरळ खाली उतरणारी हवी, टाकी टर्बोच्या खाली हवी आणि टाकीच्या झाकणाला हवा जायला भोक हवं. हे जमलं की निम्मा धूर आपोआप जातो.

दाबाचंही तसंच. शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थरात तरंगणाऱ्या बुशचा, म्हणजे धातूच्या नळकांड्याचा. साधारण 2 ते 4 बार दाब लागतो. पंपाला स्वतंत्र मोटर द्या, आणि गेजचा काटा वर आल्याशिवाय ब्लोअरला, म्हणजे सुरुवातीला हवा फुंकून चाकं फिरवणाऱ्या पंख्याला, हात लावू नका. बंद करताना लोक हमखास फसतात: आग विझली की पंपही बंद करतात. लालबुंद टर्बाइनची उष्णता मग शाफ्टमधून बुशपर्यंत येते आणि तिथलं तेल करपून कोळसा होतं. पुढच्या वेळी शाफ्ट जड फिरतो आणि दोष बिचाऱ्या टर्बोला मिळतो. आग विझल्यावरही टर्बो निवेपर्यंत पंप आणि ब्लोअर चालू राहू द्या.

मुळात टर्बोच चुकीचा उचललेला असतो. पुण्याचा जुना बाजार असो की कुर्ल्याचं भंगार, बोटांनी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. कोरडा शाफ्ट आडवा किंचित हलतो, ते ठीक. पण आत-बाहेर हललेला बोटांना जाणवला, किंवा बाजूला दाबून फिरवताना पाती हाऊसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घासली, तर ठेवून द्या. कारच्या छोट्या टर्बोपेक्षा ट्रकचा मोठा टर्बो घ्या, चुका पोटात घालतो. वेस्टगेट, म्हणजे टर्बाइनला वगळून वायू बाहेर सोडणारी झडप, असेल तर वेल्डिंग करून कायमचं बंद करा.

आता भोकं. त्यांचं एकूण क्षेत्रफळ कंप्रेसर चाकाच्या हवा ओढणाऱ्या तोंडाएवढं ठेवतात. बरेच जण चाकाचा मागचा, मोठा व्यास मोजतात आणि तिथेच गणित बिघडतं. तोंड 50 मिमी असेल तर क्षेत्रफळ सुमारे 1963 चौरस मिमी. त्यातला 30 टक्के भाग पहिल्या, म्हणजे ज्वाळा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यात: 8 मिमीची बारा भोकं. उरलेली पुढे, मोठी होत जाणारी. ट्यूब स्टेनलेसचीच. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप तापला की जस्ताचा विषारी धूर सोडतो.

कंप्रेसरपासून ज्वलनकक्षाकडे जाणाऱ्या हवेच्या नळीला पीव्हीसी लावणारेही भेटतात. 30 अंशांची हवा दुप्पट दाबली की टर्बोतून सव्वाशे अंशांच्या आसपास बाहेर पडते. पीव्हीसी तिथे मऊ पडणारच. सिलिकॉन होज आणि दणकट क्लिपा.

गॅसवर चालवताना घरचा सिलिंडर वापरायचाच नाही. तो स्वयंपाकापुरता, दुसरीकडे वापरणं बेकायदा. त्याचा रेग्युलेटरही दाब इतका कमी देतो की ज्वलनकक्षातल्या दाबापुढे गॅस आत शिरतच नाही. व्यावसायिक सिलिंडर, जास्त दाबाचा रेग्युलेटर, आणि सिलिंडर उभाच. आडवा केला तर द्रव गॅस नळीत येतो. दोन-तीन मिनिटांत जोर ओसरला तर सिलिंडरला हात लावून बघा, गारठलेला असेल.

पेट घेतला नाही की घाईने पुन्हा ठिणगी देऊ नका. आत साचलेलं इंधन थोरामोठ्यांनाही नडलं आहे. 12 एप्रिल 1937 ला इंग्लंडात रग्बीला जेट इंजिनाच्या जनकांपैकी एक, फ्रँक व्हिटल, याचं इंजिन पहिल्यांदा चाललं तेव्हा इंधनाची झडप बंद केल्यावरही ते किंचाळत वेग घेत राहिलं, आणि बघणारे पळाले. तळाशी आधीच साचलेलं इंधन जळत होतं. पेटलं नाही तर इंधन बंद, अर्धा मिनिट नुसती हवा, मग ठिणगी.

ब्लोअर काढताच इंजिन मरत असेल तर लगेच इंधन वाढवू नका. जोडांना साबणाचं पाणी लावून गळती शोधा, तेल जाड आहे का बघा, मागचं नोझल, म्हणजे वायू बाहेर पडायचं तोंड, जास्त आवळलं आहे का बघा. इंधन वाढवलं की मागून ज्वाळा निघते, फोटो छान येतो आणि टर्बाइन भाजतं. डिझेल ट्रकचा टर्बो असेल तर बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान 650 अंशांच्या आत ठेवा. त्यासाठी के-टाइप थर्मोकपल, म्हणजे जास्त तापमान मोजणारा सेन्सर, हवंच.

उभं कुठे राहायचं, हे कोणी आधी ठरवत नाही. समोर राहिलात तर शर्टाचं टोकही आत खेचलं जाऊ शकतं, मागे आग, आणि बाजूला चाकं फुटली तर तुकडे नेमके तिथेच येतात. तिरकं पुढे, जाड पत्र्याच्या आड, कानाला मफ. पहिल्या दिवशी आम्ही चौघे बरोबर चाकांच्या रेषेत उभे होतो, कारण तेलाचं गेज तिथूनच दिसायचं. आता गेज पत्र्याच्या अलीकडे आणलंय. चार मीटर नळी जास्त लागली.