कारखाना दिवाळखोरीत, पण आतलं सूत तुमचं: परत कसं मागायचं?

इचलकरंजी-भिवंडीकडे जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर विणायला, सूत दिलेलं असतं आणि मधेच कारखान्याच्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू होते. अशा वेळी घाबरून फॉर्म बी (धंद्यातलं येणं मागायचा अर्ज) भरून सुताची किंमत 'येणे' म्हणून दाखवू नका. तसं केलंत तर तुम्ही स्वतःच लिहून देता की माल कंपनीचा आणि आपण नुसते धनको. मग बँकांच्या मागे रांगेत उभं राहायचं आणि उरेल ते घ्यायचं.

कायदा मालकाच्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कलम १८ चं स्पष्टीकरण आणि कलम ३६(४) दोन्ही हेच सांगतात: दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली किंवा नुसती ताब्यात दिलेली मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेत धरायची नाही. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचंही तसंच.

पण ट्रक घेऊन थेट गोदामावर जाऊ नका. कलम १४ खालची स्थगिती चालू असताना कंपनीच्या ताब्यातली वस्तू मालकालाही परस्पर उचलता येत नाही. आधी रिझोल्युशन प्रोफेशनलला (दिवाळखोरीत कंपनीचा कारभार पाहायला नेमलेल्या व्यक्तीला) लेखी पत्र द्या. त्यात 'थकबाकी' हा शब्द नको. 'आमच्या मालकीचा माल परत द्यावा' असं लिहा. सोबत जॉबवर्कची चलनं, सूतखरेदीची बिलं आणि लॉट नंबर जोडा. गोदामात मोजणीला स्वतः हजर राहा, बॅगांवरच्या लेबलांचे फोटो घ्या आणि यादीवर दोघांच्याही सह्या घ्या. चलनावरचा लॉट नंबर आणि बॅगेवरचा लॉट नंबर जुळला की निम्मं काम झालं. नकार आला तर एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) संहितेच्या कलम ६०(५) खाली अर्ज करा.

अडतं ते मिसळलेल्या मालावर. तुमच्या संमतीने सूत मिसळलं असेल तर करार कायद्याच्या कलम १५५ नुसार प्रमाणात वाटा मिळतो. संमतीशिवाय मिसळलं आणि वेगळं काढता येत नसेल तर कलम १५७ नुसार फक्त भरपाई मिळते, म्हणजे तेवढ्या भागापुरते तुम्ही खरोखरच धनको. तेव्हा मात्र फॉर्म बी जाहीर नोटिशीतल्या मुदतीत भरा. बीमवरचं (मागाच्या रुळावर गुंडाळलेलं) सूत किंवा विणून झालेलं कापडही तुमचंच. पण विणण्याची मजुरी तुमच्याकडे थकली असेल तर करार कायद्याच्याच कलम १७० खाली ती मिळेपर्यंत कारखान्याला माल अडवून ठेवता येतो. मजुरीचा हिशोब आधीच तयार ठेवा.

पैशांचं प्रकरण जास्त अवघड. तुमच्यासाठी विश्वस्त म्हणून घेतलेली रक्कम कंपनीने वेगळ्या खात्यात ठेवली असेल तर ती दाखवणं सोपं. स्वतःच्या पैशात मिसळली असेल तर १८८२ च्या न्यास कायद्याचं कलम ६६ त्या संपूर्ण निधीवर तुमचा बोजा, म्हणजे त्यातून तुमची रक्कम वसूल करायचा हक्क, मानतं. मात्र त्या खात्याची शिल्लक मधल्या काळात शून्यावर गेली असेल तर नंतर जमा झालेले पैसे तुमचे म्हणणं जवळपास अशक्य होतं. म्हणून पैसे दिल्याच्या तारखेपासूनचा पूर्ण बँक उतारा मागा आणि रोजची शिल्लक ओळीओळीने तपासा. करारात 'ट्रस्ट' हा शब्द असून भागत नाही. ती रक्कम धंद्यात वापरायची मोकळीक कंपनीला होती असं दिसलं, की ते कर्जच ठरण्याची शक्यता जास्त.