जुन्या फोर्ड एफ-१५० चा हीटर कोर घरी कसा बदलायचा

गाडीत बसलं की गोडसर वास, काच आतून सारखी धुरकट आणि फडक्याने पुसली तर तेलकट ओरखडे, पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट चिकट ओलं, आणि बाहेर कुठे थेंब नाही तरी कूलंट कमी होतंय. हे सगळं एकदम दिसलं तर हीटर कोर, म्हणजे इंजिनचं गरम कूलंट फिरवून केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, गेला असं समजायला हरकत नाही. पण नुसतं कार्पेट ओलं आहे म्हणून लगेच कोर मागवू नका. एसीचं पाणी तुंबलं किंवा काचेखालून पाऊस आत आला तरी तिथेच ओलं होतं. बोटाने चोळून बघा, साधं पाणी वाळून जातं, कूलंट बुळबुळीत लागतं आणि रंग सोडतं. चाखून वगैरे बघायचं नाही, इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. तरीही शंका असेल तर ऑटोझोन किंवा ओ'रायली या पार्टच्या दुकानांतून प्रेशर टेस्टर (दाब देऊन गळती शोधायचा पंप) डिपॉझिट भरून आणा, इंजिन थंड असताना रेडिएटरच्या कॅपवर लिहिलाय तेवढाच दाब द्या आणि काटा खाली येतोय का बघा, येत असेल आणि बॉनेटखाली सगळं कोरडं असेल तर विषय संपला.

मी लिहितोय ते १९८७ ते १९९६ च्या एफ-१५० बद्दल. इथे अमेरिकेत मिनेसोटा, मिशिगनकडे आपली बरीच मंडळी लाकडं न्यायला, बोट ओढायला असला जुना ट्रक घेऊन ठेवतात आणि या कामात तो खरंच देवमाणूस आहे कारण कोर ग्लव्ह बॉक्सच्या मागेच बसवलाय. १९९७ नंतरच्या एफ-१५० ला किंवा त्या काळातल्या डॉज रॅमला अख्खा डॅशबोर्ड हलवावा लागतो, रॅममध्ये तर एसीचा गॅससुद्धा आधी काढून घ्यावा लागतो, तिथे पार्ट स्वस्त आणि मजुरी महाग असा प्रकार. आणखी एक बरं म्हणजे या ट्रकला पॅसेंजरच्या बाजूला एअरबॅगच नाही, १९९४ पासून आली ती फक्त ड्रायव्हरकडे, त्यामुळे इथे बिनधास्त हात घाला.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम रेडिएटरची कॅप उघडली तर उकळतं कूलंट तोंडावर उडतं, तेव्हा इथे घाई नको. खाली टब ठेवून रेडिएटरच्या खालच्या ड्रेनमधून कूलंट काढा. थोडं काढलं तरी कोर बदलता येतो पण आपण सगळंच काढणार आहोत, का ते पुढे सांगतो.

आता बॉनेटखाली फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, पॅसेंजरच्या बाजूला दोन होज आत जातात. आधी फोटो काढा. क्लॅम्प सैल करून होज पिळत पिळत सोडवायचा, सरळ ओढत बसायचं नाही. वर्षानुवर्षं चिकटलेला असेल तर पात्याने लांबीत चीर द्या आणि सोलून काढा, तसेही होज नवीनच टाकायचेत, जुने ठेवून चार पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही. आत येणाऱ्या होजमध्ये छोटा रिस्ट्रिक्टर (प्रवाह कमी करणारा तुकडा) सापडला तर तो कचरा समजून फेकू नका, नव्या होजमध्ये त्याच दिशेने परत घाला. मग कोरच्या एका नळीतून हळूच हवा फुंकून आतलं उरलेलं कूलंट दुसरीकडून टबात पाडा, नाहीतर कोर बाहेर काढताना ते सगळं कार्पेटवर.

आतल्या बाजूला खाली प्लास्टिकची मोठी पिशवी आणि त्यावर जुने टॉवेल पसरा. ग्लव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली लोंबतो, नाहीच ऐकला तर स्क्रू काढून बाजूला ठेवा. मागे काळं प्लास्टिकचं कव्हर दिसेल. त्याचे स्क्रू ८ मिमी सॉकेटने निघतात, ५/१६ इंची असेल तरी चालतं, दोघांत केसाएवढा फरक. एक्स्टेंशन लागेलच. कव्हरला व्हॅक्यूमची नळी अडकवलेली असेल तर ती जपून सोडवा, जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि ती तुटली तर दुसरीच डोकेदुखी. कव्हर निघालं की कोर सरळ तुमच्याकडे ओढायचा.

नवीन कोर जुन्याशेजारी ठेवून नळ्यांची जाडी, लांबी, कोन सगळं जुळवा. कडेने नवीन फोमची पट्टी लावा, फोम नसला तर हवा कोरच्या बाजूनेच निघून जाते आणि हीटर चालू असून गरम लागत नाही. कोर बसवताना नळ्या फायरवॉलमधून अलगद इंजिनच्या बाजूला काढा, होज चढवताना थोडं कूलंट लावा, ग्रीस नको. क्लॅम्प घट्ट करा पण जीव खाऊन नाही, नळी चेपते.

आता कूलंटचं. कोर बहुतेक वेळा आतून गंजूनच मरतो, कूलंट जुनं झालं की गंज रोखणारी रसायनं संपतात, त्यामुळे जुनंच परत ओतलं तर नवीन कोरलाही तेच होणार. सिस्टिम पाण्याने धुवून घ्या, मग अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर. हे मिश्रण साधारण उणे ३७ सेल्सियसपर्यंत गोठत नाही. नुसतं कूलंट भरलं तर जास्त चांगलं असं वाटतं पण ते उणे १३ च्या आसपासच गोठायला लागतं. आणि गावाकडच्या सवयीने नळाचं पाणी ओतून काम भागवू नका, इथल्या थंडीत इंजिन ब्लॉक तडकतो.

भरताना ट्रकचं नाक चढावर ठेवा, कॅप उघडी, हीटर फुल, इंजिन सुरू. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा आणि मग कॅप लावा. फोर्डांमध्ये कूलंटमधून वाहणाऱ्या भटक्या विजेमुळेही कोर खाल्ला जातो, म्हणून मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन कूलंटमध्ये बुडवून बघा. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक, ०.३ च्या वर गेलं तर इंजिन आणि बॉडीच्या अर्थच्या वायरी घासून साफ करा किंवा बदला.

काहीजण दोन्ही होज बाहेरच एकमेकांना जोडून कोर बायपास करतात. उन्हाळ्यात वेळ मारून न्यायला चालेल, पण थंडीत डिफ्रॉस्ट बंद म्हणजे काचेवर बर्फ आणि समोरचं काही दिसत नाही. गळती बंद करायची पावडरही टाकू नका, ती बारीक नळ्या तुंबवते.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतायचं नाही, गोड असल्यामुळे कुत्रीमांजरी चाटतात आणि मरतात. डबा बंद करून काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या. कार्पेट मात्र उचलून खालची गादी धुवून पूर्ण वाळवा, नाहीतर वास तसाच राहतो आणि कोर अजून गळतोय की काय म्हणून तुम्ही परत ग्लव्ह बॉक्स उघडून बसाल.