शरदातले शिकारी पक्षी किनाऱ्यावरून कसे मोजावेत

आठ किंवा दहा पटींची दुर्बीण, दाबून मोजायचा छोटा काउंटर, वही, टोपी, पाणी आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची. बाकी सामान ओझं.

जागा समुद्रात घुसलेल्या भूशिराची निवडा. पाण्यावर गरम हवेचे झोत जमिनीसारखे उठत नाहीत, म्हणून स्थलांतर करताना पंख पसरून तरंगणारे पक्षी समुद्र ओलांडायला कचरतात आणि किनारा धरून सरकतात. अमेरिकेतलं केप मे, स्वीडनमधलं फाल्स्टरबो यामुळेच गाजलं. मेक्सिकोत व्हेराक्रूझला डोंगर आणि आखात यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून एका हंगामात 40 लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात. थंड हवेची लाट येऊन गेली आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वळला, की दुसऱ्या दिवशी घरी बसू नका.

ओळख आकारावरून करा, रंगावरून नको. टोकदार पंख म्हणजे ससाणा. आखूड गोलसर पंख, लांब शेपटी आणि चार फडफडी मारून तरंगणं म्हणजे शिक्र्याच्या कुळातला. खात्री नसेल तर ‘अनोळखी’ लिहा. त्यात कमीपणा नाही.

खरी मेख मोजण्यात आहे. झोतावर चढणारे पक्षी भोवऱ्यासारखे फिरतात, आणि नवखा माणूस तिथेच मोजायला लागतो. मीही तेच करायचो. एकदा भोवऱ्यात मी शंभराच्या वर पोचलो. शेजारची बाई शांत बसून होती. पक्षी बाहेर पडल्यावर तिने मोजले तर निघाले चौसष्ट. बाकीचे मी दुसऱ्यांदा, कदाचित तिसऱ्यांदाही मोजले होते!

तेव्हा भोवऱ्यात फक्त जाती ओळखा, आकडा विसरा. थोड्या वेळात वरचे पक्षी पंख किंचित मागे दुमडून एका बाजूला घसरू लागतात, एकामागे एक, ओघळ सुटल्यासारखे. आता मोजा. दुर्बीण हलवू नका. एखाद्या ढगाची कड धरा आणि ती ओलांडेल तो पक्षी मोजा. गर्दी असेल तर आधी दहांचा गठ्ठा नीट मोजून डोळ्यांत बसवा, मग दहादहाने पुढे जा. हातातला काउंटर दाबा, वहीत मान घालू नका. ‘अंदाजे दोनशे असतील’ असं नंतर आठवून लिहिलेला आकडा मी सरळ खोडतो.

भूशिरावर आणखी एक घोळ होतो. पक्षी टोकापर्यंत येतात, पाणी बघून माघारी फिरतात आणि तासाभराने पुन्हा हजर. म्हणून मोजायला धरलेली रेषा पुढच्या दिशेने ओलांडली तर मिळवा, उलट आला तर वजा करा. वजाबाकी जिवावर येते, पण करा.

निरभ्र निळ्या आकाशात उंचावरचे ठिपके हरवतात. पांढऱ्या ढगांवर आधी नजर फिरवा.

आणि एकही पक्षी न दिसलेला तास वहीत शून्य म्हणून लिहा. पुढे तुलना दर तासाच्या आकड्यावर होते. कंटाळून गाळलेले तास सरासरी फुगवतात.