कॉम्पोझिटचं आकुंचन कॅमेऱ्याने मोजताना

दातात भरलेलं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं भरण, निळ्या प्रकाशात घट्ट होताना आकसतं: घनफळात साधारण 2 ते 3 टक्के, म्हणजे लांबीत सुमारे 1 टक्का. पृष्ठभागावर कुठे किती आकसलं हे पाहायला डिजिटल इमेज कोरिलेशन, म्हणजे डीआयसी, सोयीची पद्धत आहे. पृष्ठभागावर बारीक ठिपके टाकायचे, ठरावीक अंतराने फोटो घ्यायचे आणि ठिपके किती सरकले ते सॉफ्टवेअरकडून काढायचं. मॅटलॅब असेल तर त्यावर चालणारं एनकॉर हे डीआयसी सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि पुरतं. मोजमाप बिघडतं ते त्याआधीच, उजेडात आणि ठिपक्यांत.

आधी उजेड. कॅम्फरक्विनोन, म्हणजे कॉम्पोझिटमधला प्रकाशाने घट्ट होणं सुरू करणारा घटक, 468 नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश शोषतो आणि पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो, त्यामुळे फोकस लावता लावताच नमुना घट्ट व्हायला लागतो. म्हणून 590 नॅनोमीटरचा अंबर एलईडी वापरा आणि लेन्सवर फक्त तीच तरंगलांबी आत सोडणारा बँडपास फिल्टर बसवा. फिल्टर नसेल तर कॉम्पोझिट घट्ट करणारा निळा क्युअरिंग लाइट लागताच चित्र पांढरं पडतं आणि नेमकी पहिली वीस सेकंदं हातची जातात. ऑटो एक्स्पोजर आणि ऑटोफोकस बंद ठेवा.

टेफ्लॉनच्या साच्यात 6 मिमी लांब आणि 2 मिमी उंच पट्टी भरा. साच्याला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या, नाहीतर नमुना चिकटेल आणि मोकळं आकुंचन दिसणारच नाही. कॅमेऱ्याकडची बाजू उघडी ठेवा. तिच्यावर काचेची स्लाइड दाबून ती सपाट करा आणि स्लाइड सरकवून काढा. क्युअरिंग लाइट वरून, पृष्ठभागापासून 1 ते 2 मिमीवर, आणि वेगळ्या स्टँडवर. हाताने धरलेल्या लाइटची थरथर सगळ्या फोटोंत उतरते.

ठिपक्यांवर वेळ खर्च करा. 2448 पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्यात 8 मिमीचं क्षेत्र घेतलं तर एक पिक्सेल 3.3 मायक्रॉनचा होतो. ठिपका 3 ते 5 पिक्सेलचा, म्हणजे 10 ते 16 मायक्रॉनचा हवा. डब्यातल्या स्प्रेचे थेंब याहून मोठे पडतात, शिवाय त्यातलं सॉल्व्हंट न घट्ट झालेल्या रेझिनला विरघळवतं. प्रिंटरच्या टोनरची पूड मलमलीतून हलकेच झटकावी. तिचे कण 5 ते 10 मायक्रॉनचे असतात, दोन-तीन एकत्र आले की हवा तो आकार मिळतो. तोंडाला मास्क बांधा. वरच्या, लाइटखालच्या पृष्ठभागावर पूड पडू देऊ नका. काळे कण प्रकाश अडवतात आणि खालचा भाग कच्चा राहतो.

लाइट लावण्याआधी पाच स्थिर फोटो घ्या आणि त्यांच्यातलाच स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला बदल, काढा. काहीच हललेलं नसताना दिसणारा हा आकडा म्हणजे मोजमापातला गोंगाट. तो 100 ते 200 मायक्रोस्ट्रेनच्या (लांबीच्या दहा लाखाव्या भागांच्या) आत असावा. 500 दिसला तर पुढे जाऊ नका: ठिपके, फोकस किंवा कंपन तपासा. मग सेकंदाला दोन फोटो या वेगाने सुरुवात करून 20 सेकंद लाइट द्या आणि 10 मिनिटं फोटो चालू ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये सबसेट, म्हणजे एका वेळी जुळवायचा चौकोन, 31 पिक्सेलचा, आणि स्टेप, म्हणजे दोन चौकोनांमधलं अंतर, 8 ते 10 पिक्सेलचं ठेवा. सबसेट लहान केला की नकाशा बारकाईचा वाटतो, पण गोंगाट वाढतो.

पातळ, फ्लोएबल कॉम्पोझिट लाइट लागण्याआधीच ओघळतं. त्यासाठी संदर्भ फोटो अगदी शेवटच्या क्षणाचा धरा.

उष्णताही आकड्यांत घुसते. लाइटची ऊब आणि अभिक्रियेची उष्णता यांनी नमुना आधी फुगतो, म्हणून लाइट चालू असतानाचं आकुंचन खऱ्यापेक्षा कमी दिसतं. घट्ट झालेल्या त्याच नमुन्यावर तासाभराने पुन्हा 20 सेकंद लाइट द्या. तेव्हा दिसणारं फुगणं बहुतांशी लाइटच्या उबेचं असतं, ते वेगळं काढता येतं. अभिक्रियेची उष्णता मात्र यातून जात नाही. अंतिम आकडा नमुना थंड झाल्यावरचाच घ्या.

एका कॅमेऱ्याची मोठी अडचण म्हणजे नमुना लेन्सकडे सरकणं. लेन्स 100 मिमीवर असेल आणि पृष्ठभाग 20 मायक्रॉन पुढे आला, तर 200 मायक्रोस्ट्रेन खोटा दिसतो. पट्टीच्या हजारो मायक्रोस्ट्रेनपुढे हे किरकोळ आहे, पण भरलेल्या दाताच्या भिंतीवर स्ट्रेन काहीशेच असतो. तिथे टेलिसेंट्रिक लेन्स (अंतर बदललं तरी चित्राचा आकार न बदलणारी) किंवा दोन कॅमेरे घ्या. त्याहून सूक्ष्म हालचालीसाठी लेझर स्पेकल इंटरफेरोमेट्री आहे, तिच्यात हालचाल प्रकाशाच्या काळ्या-उजळ पट्ट्यांतून मोजतात. 632.8 नॅनोमीटरच्या हेलियम-निऑन लेझरने समोरासमोर पाहिलं तर एक पट्टा 316 नॅनोमीटरच्या सरकण्याचा असतो, पण त्यासाठी कंपनरोधक टेबल लागतं. काढलेला दात मोजत असाल तर तो प्रयोगभर ओला ठेवा, मुळाभोवती ओला कापूस गुंडाळा. डेंटिन, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कवचाखालचा थर, सुकताना स्वतःच आकसतं आणि तो आकडा कॉम्पोझिटच्या नावावर जमा होतो.